तीन मिलिमीटर

मुलीच्या वाढदिवसाचा फोटो आहे. सगळे ओळीत उभे, मागे फुगे, केकचा एक कोपरा आधीच कुणीतरी बोटाने उचललेला, आणि त्या ओळीत मी एकटा वाकडा. फार नाही, पण एकदा दिसलं की मग फोटोत दुसरं काही दिसतच नाही इतका. उजव्या हातात पाण्याची भरलेली बादली धरली की माणूस जसा डावीकडे कलतो ना, तसा. हात मात्र रिकामा. मुलगी म्हणाली, बाबा तू असा का उभायस, आणि बायको फोटो न बघताच म्हणाली, कमरेला ते असेल त्याच्या. पण नव्हतं ना! घरात पोरंटोरं येणार म्हणून सकाळीच मी ते तिजोरीत ठेवलं होतं, वर हँडल दोनदा ओढून बघितलं होतं. शर्ट खोचलेला होता, फोटोत पट्टासुद्धा स्वच्छ दिसतोय. तरी मी नसलेल्या वजनाला तोल देत उभा होतो.

आमच्या घरात रिव्हॉल्वरला रिव्हॉल्वर कुणी म्हणत नाही. ते. आई व्हिडिओ कॉलवर सगळ्यांची चौकशी करून झाली की आवाज थोडा खाली आणते, जसं काही इथे अमेरिकेत, कॅन्ससमधले शेजारी मराठी समजून ऐकत बसलेत, आणि विचारते, ते आहे का अजून? आहे म्हटलं की ती म्हणते बरं, आणि लगेच भाजी काय केली यावर जाते. बायकोचंही तेच. अरे ते काढून ठेव आणि मग जेवायला बस. आता मलाही सवय झाली. गंमत म्हणजे आपल्या भाषेत त्याच्या अंगाचे शब्द आहेत, चाप आहे, घोडा आहे, पण अख्ख्या वस्तूला घरात उच्चारण्यासारखा शब्द नाही.

काम माझं शेतावरचं आहे, म्हणजे पश्चिम कॅन्ससमध्ये ते सेंटर पिव्हट, म्हणजे चाकांवरचे पाणी देणारे लांबलचक पाइप, फिरत असतात, १६० एकरांच्या चौकोनात गोल गोल, त्यांचे पंप आणि कंट्रोल पॅनल मी दुरुस्त करतो. धंदा स्वतःचा, व्हॅन स्वतःची, बॉसही मीच, त्यामुळे कमरेला काय लावायचं हे विचारणारं वर कुणी नाही. जुलैमध्ये मका तहानलेला असताना पंप बंद पडला की शेतकरी रात्री अकराला फोन करतो आणि मी जातो. चारी बाजूंना अंधार, लांब कुठेतरी पवनचक्क्यांचे लाल दिवे एकाच वेळी लुकलुकतात, आणि शेरीफचा माणूस बोलावला तर चाळीस मिनिटं. पिव्हटच्या तांब्याच्या वायरी चोरणारे येतात हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. एकदा मी वळणावर पोचलो तर शेतात एक ट्रक उभा, दिवे बंद, मागचं फळकूट खाली पाडलेलं. मी थांबलो नाही. वेग तोच ठेवून सरळ पुढे गेलो, दोन मैलांवर थांबून फोन केला. पण त्या दोन मैलांत माझा उजवा हात स्टिअरिंगवर नव्हता, आणि तो तिथून कधी निघाला हे मला आठवत नाही. ते मला आवडलं नाही. आणि तो हात जिथे होता तिथे काहीतरी होतं, हे बरं वाटलं हेही खरं.

दुसरं कारण साप. सकाळी पॅनलखालचं काँक्रीट गरम व्हायला लागलं की रॅटलस्नेक तिथे येऊन पडतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाचा मोठा स्विच, खराब होऊन थरथरतोय, आणि मी आवाज कुठून येतो बघायला खाली वाकलो, म्हणजे कर्माने वाचलो. तेव्हापासून रिव्हॉल्वरच्या पहिल्या घरात छऱ्याचं काडतूस असतं, आतमध्ये बारीक बारीक छरे भरलेलं. ऑटोमॅटिक पिस्तुलात असली काडतुसं नीट चालतील की नाही भरवसा नसतो, रिव्हॉल्वरला काही फरक पडत नाही, त्याला काडतुसाच्या जोराची गरजच नाही, चाप ओढला की चक्र बोटाच्या ताकदीने पुढे सरकतं. अर्थात ४८० व्होल्टच्या उघड्या पॅनलसमोर उभं राहून सापावर छरे झाडणारा माणूस सापापेक्षा जास्त धोकादायक, त्यामुळे आजपर्यंत मी फक्त मागे सरकलोय. साप त्याच्या वाटेने गेला. दर वेळी.

तर प्रश्न घ्यावं की नाही हा नव्हताच, तो ग्रीन कार्ड आलं त्या वर्षी सुटला. एच-वनवर असताना काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही, कार्ड आल्यावर दुकानात बसून बंदूक खरेदीचा तो ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, एकेका प्रश्नाला नाही नाही नाही अशा खुणा करताना व्हिसाच्या खिडकीवर असल्यासारखे तळहात ओले झाले होते. घेतलं रुगरचं जीपी-१००, ३ इंची नळी, .३५७ मॅग्नम या जोरदार काडतुसाचं, सहा गोळ्यांचं. कारखान्याच्या कागदावर वजन ३६ औंस, म्हणजे एक किलो आणि वर वीस ग्रॅम, शिवाय सहा काडतुसांचे शंभरेक ग्रॅम वेगळे. दुकानात हातात घेतलं तेव्हा ते वजन फार आवडलं होतं. वजनदार वस्तू म्हणजे चांगली वस्तू हे आपल्या हाडात आहे, पितळेचा तांब्या असो नाहीतर पाना. दुकानात वजन हाताला लागतं, तीन मिनिटं. नंतर ते कमरेला लागतं, दहा तास, आणि कंबरेचं मत हातापेक्षा फार वेगळं असतं.

माझ्या कामात माणूस उभा नसतोच. गुडघ्यावर, उकिडवा, नाहीतर व्हॅनच्या सीटवर. उकिडवं बसलं की उजव्या कुल्ल्याचं हाड आणि सिलिंडर, म्हणजे ते काडतुसांचं चक्र, यांची गाठ पडते. पिस्तूल सगळीकडून फळीसारखं सपाट असतं, रिव्हॉल्वर मधेच फुगतं, आणि तो फुगवटा बरोब्बर त्या जागी येतो जिथे माणसाला मांस कमी आहे. थोडं मागे सरकवलं तर बसताना सीटचा बेल्ट आणि मूठ यांची मारामारी. पुढे पोटाकडे आणलं तर वाकताना नळी मांडीत. महिनाभरात मी गाडीत डाव्या कुल्ल्यावर बसायला शिकलो. लोक नळीच्या लांबीवरून वाद घालतात, पण खरं म्हणजे नळी बिचारी पँटमध्ये उभी राहते, तिचा त्रास कमी, लपवायला अवघड असते ती मूठ, शर्टातून बाहेर डोकावते ती मूठ, आणि टोचतं ते सिलिंडर. आणि सगळ्यात महत्त्वाचा पट्टा. हे मला फार उशिरा कळलं. साधा पट्टा वजनाने खाली वळतो, मग होल्स्टर बाहेर झुकतं, मग माणूस तो पट्टा आवळतो, मग पोट दुखतं. दोन थरांचं चामडं मधे ताठ पट्टी घालून शिवलेला पट्टा घेतला आणि निम्मं दुखणं गेलं. तोपर्यंत एका ड्रॉवरमध्ये सात होल्स्टर जमले होते. बायको तो ड्रॉवर उघडते आणि काही न बोलता बंद करते.

हे सगळं ज्यांच्यासमोर मी रडलो ते एक म्हातारे गृहस्थ, त्यांच्या शेतावरचे दोन पिव्हट माझ्याकडे आहेत. पूर्वी शेरीफच्या खात्यात होते. चालताना उजवा हात अंगापासून चार बोटं लांब ठेवून चालतात, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी, जसं मधे अजून काहीतरी आहे. (हे मी त्या फोटोच्या आधी कितीतरी वेळा बघितलं होतं, आणि मनातल्या मनात हसलो होतो.) त्यांनी आतून एका मऊ कापडात गुंडाळलेलं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ आणलं. ४ इंची. नळीच्या टोकाचा निळा रंग होल्स्टरमध्ये घासून घासून गेलेला, खाली पांढरं पोलाद, घराच्या उंबरठ्यासारखं गुळगुळीत. हातात घेतलं आणि मला पहिल्यांदा कळलं की ही वस्तू बारीकही असू शकते.

त्या बारीकपणाची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती. १९३५ साली .३५७ मॅग्नम आलं तेव्हा ते भल्यामोठ्या सांगाड्यावर आलं, ज्याला एन फ्रेम म्हणतात, कारण तेवढा दाब सहन करायला तेवढं लोखंड लागेल असाच हिशेब होता. काडतूस म्हणजे .३८ स्पेशलच, फक्त कवच साधारण ३ मिलिमीटरने लांब केलेलं, आणि ते लांब करण्यामागचं कारण मला फार आवडतं, चुकून कुणी जुन्या .३८ मध्ये ते घालू नये म्हणून. घालायला गेलं तर बसतच नाही. उलट मात्र चालतं, मॅग्नममध्ये .३८ खुशाल घाला. मग सरहद्दीवरच्या गस्तीतले बिल जॉर्डन कारखान्याच्या मागे लागले की दिवसभर कमरेला घेऊन फिरणाऱ्या माणसाला हलकं काहीतरी द्या, आणि १९५५ मध्ये त्यांनी .३८ च्या मधल्या सांगाड्यात, के फ्रेममध्ये, मॅग्नम बसवलं. तेच हे १९. त्यामागचा विचार साधा होता, सराव .३८ वर करायचा, मॅग्नम कामाच्या वेळेला ठेवायचं. पण पुढे पोलिसखात्यांनी सरावही मॅग्नमवरच करायला लावला, त्यात १२५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या, जोरकस गोळ्या, आणि नळीचं मागचं तोंड, फोर्सिंग कोन, तडकायला लागलं. ते तोंड खालच्या बाजूला जरा तासलेलं असतं, सिलिंडरचा सांधा तिथे बसावा म्हणून. त्याच तासलेल्या जागी चीर जायची. म्हातारबाबांनी चष्मा चढवून, आतला कचरा झटकून, मला ती जागा नखाने दाखवली. त्यांच्या १९ ला चीर नव्हती. जपून वापरलंय, म्हणाले, आणि कापडात परत बांधलं.

मग १९८० मध्ये स्मिथ अँड वेसनने एल फ्रेम काढली, सांगाडा थोडा मोठा, ती तासणी गेली, आणि १९८५ मध्ये रुगरने माझं जीपी-१०० काढलं, जे फुटतच नाही म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे बघा, आधी जाड होतं, मग कंबर दुखते म्हणून बारीक केलं, मग तडकतं म्हणून परत जाड केलं. आणि तोपर्यंत खात्यांनी रिव्हॉल्वरं सोडून पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली. म्हातारबाबांचंही १९ तेव्हाच गेलं कमरेवरून.

नादाला लागलो अर्थातच. मॉडेल ६६ घेतलं, म्हणजे त्या १९ चाच स्टेनलेस भाऊ, बंद पडलं होतं ते २०१४ मध्ये परत काढलेलं. नळी पावणेतीन इंच. हे पाव इंचाचं प्रकरण उगाच नाही, जुन्या अडीच इंचीत कवचं बाहेर ढकलणारा खालचा दांडा इतका आखूड असायचा की मॅग्नमची रिकामी कवचं पूर्ण बाहेर पडायची नाहीत, एखादं हट्टी कवच अर्ध्यात लटकून राहायचं. वजन ३३.५ औंस, म्हणजे माझ्या रुगरपेक्षा सत्तर ग्रॅम कमी. एका लहान बटाट्याएवढं. घरी आणून दोघांना टेबलावर शेजारी ठेवलं, रिकामी, सिलिंडर बाहेर काढून, आणि व्हर्नियर लावला. सिलिंडरच्या जाडीत फरक जेमतेम तीन मिलिमीटर. त्यातही अंगाच्या बाजूला निम्माच येणार, दीड. मी स्वतःलाच हसलो. दीड मिलिमीटरसाठी माणूस इतके पैसे घालतो!

पण कंबरेला कळतं. खरंच कळतं. पहिल्याच दिवशी तीन पॅनल केले, एक वीस मिनिटं उकिडवा बसून, आणि दुपारी सँडविच खाताना लक्षात आलं की आज मी एकदाही पट्टा वर ओढला नाही. चपलेत खडा असतो आणि नसतो यात तरी किती मिलिमीटर असतात.

रेंजवर हिशेब उलटा झाला. .३८ दोघांतही लोण्यासारखं. मॅग्नम मात्र हलक्या सांगाड्यात हाताला विचारतो की नक्की का. १५८ ग्रेनची एक बारी झाडली की अंगठ्याच्या बेचक्यात झिणझिण्या, दुसऱ्या बारीला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतात, आणि डोळे मिटले की कागदावर भोकं कुठेही जातात. रुगर तेच काडतूस खाऊन मान थोडी वर करतं, बस. मागे समोर दोन्हीकडून सिलिंडर पकडून ठेवलेलं, मूठ म्हणजे आत एक लोखंडी खुंटी आणि वरून रबर, धक्का त्या रबरात मुरतो. चाप स्मिथचा चांगला, लांब पण एकसारखा, रहाट फिरावा तसा. रुगरचा जरा खरखरीत, मी रिकाम्या काडतुसांवर हजारदा ओढून ओढून तो माणसात आणला. वजन कमी केलं की ते नाहीसं होत नाही, ते कंबरेवरून उठून मनगटात जातं. म्हणून ६६ मध्ये मी .३८ च भरायला लागलो, प्लस-पी, म्हणजे जरा जास्त दाबाचं, आणि मग स्वतःला विचारलं की मग मॅग्नम घेतलंस कशाला रे शहाण्या. याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मॅग्नम भरता येतं म्हणून, एवढंच.

तरी मी सुखात होतो. अडीच महिने.

मग एका मंगळवारी एक जळालेला ड्राइव्ह बोर्ड परत पाठवायचा होता, खोकं काखेत, गावातल्या पोस्टात गेलो. दार उघडायला हात घातला, आणि काचेवर डोळ्यांच्या उंचीवर तो गोल चिकटवलेला, पिस्तुलावर तिरकी लाल रेघ. मी ते हजारदा बघितलंय. पोस्ट म्हणजे केंद्र सरकारची इमारत, कॅन्ससमध्ये २०१५ पासून परमिटशिवाय लपवून बाळगता येतं, पण पोस्टाच्या दारात कॅन्ससचा कायदा संपतो. मी खोकं दुसऱ्या काखेत घेतलं आणि कोपर कमरेला लागलं. टक्. ते होतं तिथे. सकाळपासून होतं. मला माहीतच नव्हतं. म्हणजे माहीत होतं, सहा वाजता मीच तर लावलं होतं, पण पुसलं गेलं होतं, चष्मा डोळ्यावर असताना चष्मा शोधतात तसं. मागून एक आजी येत होत्या, त्यांच्यासाठी मी दार धरून उभा राहिलो, बाहेरूनच, त्या थँक्यू म्हणून आत गेल्या, आणि मी उलट फिरून गाडीत येऊन बसलो. हात थरथरत नव्हते. तोंड मात्र इतकं कोरडं पडलं होतं की बाटली तोंडाला लावून अर्धी संपवली. खोकं पाठवायचं राहिलं ते राहिलंच त्या दिवशी.

रुगर असतं तर? रुगर असताना मला कुठल्याही क्षणी विचारा, ते कुठेय, मी बोट ठेवून सांगेन. ते विसरूच देत नाही. दर वेळी वाकताना, दर वेळी बसताना हाड सांगतं, मी आहे. याला मी दोन वर्षं दुखणं म्हणत होतो, त्यावर सात होल्स्टर आणि एक नवं कोरं रिव्हॉल्वर खर्च केलं. आरामात बाळगता येणारं शोधत होतो, ते सापडलं, आणि आराम म्हणजे नेमकं काय ते पोस्टाच्या दारात कळलं. मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. आईने त्या रविवारी विचारलं, ते आहे का अजून, तर म्हटलं हो, आणि या वेळी भाजीचं मीच आधी काढलं.

आता रानात जायचं असेल त्या दिवशी रुगर, गावातली कामं असतील त्या दिवशी दोन्ही तिजोरीत. ६६ विकावं असं दर महिन्याला ठरवतो. एकदा तर फोटोही काढले त्याचे, तेल पुसून, खिडकीतल्या उजेडात, आणि मग वाटलं किती सुरेख बनवलंय, राहू दे. म्हातारबाबांना विचारलं तर ते म्हणाले की त्यांना एकोणीस वर्षांत ते कधी जड वाटलंच नाही, आणि असं म्हणताना त्यांचा उजवा हात नेहमीसारखा चार बोटं लांब.

परवा रात्री मुलगी माझ्या टूलबॉक्समधून पाणसळ घेऊन आली. शाळेत काहीतरी लेव्हल वगैरे शिकवत असतील, टेबल, फ्रीज, खिडकी, सगळीकडे लावून बघत होती आणि बबल मधे आला नाही की आनंदाने ओरडत होती. खिडकी वाकडी निघाली. मग म्हणाली, बाबा तू उभा राहा. मी भिंतीला तोंड करून उभा राहिलो, ती खुर्चीवर चढली आणि पाणसळ माझ्या दोन्ही खांद्यांवर आडवी ठेवली, मानेला गार लागली. रविवार होता, कमरेला काही नव्हतं, मी पायजम्यात होतो. बराच वेळ ती काही बोलेना. मग म्हणाली, बबल उजवीकडे जातोय, रेघेच्या बाहेर.

"सरळ उभा राहा ना, बाबा."

मी सरळच उभा होतो.